हिवाळ्यात हेमिसला हिमबिबट्या पाहायला जावं का?

उत्तरवाट (धागाकर्ती):
आमच्या पुण्यातल्या निसर्गप्रेमींच्या गटात यावरून दोन तट पडलेत. काहींचं म्हणणं, जानेवारी ते मार्च हा हिमबिबट्याच्या मीलनाचा काळ, तेव्हा लडाखला जाणं म्हणजे त्याला छळणं. माझं मत उलटं आहे. जावं आणि हिवाळ्यातच जावं, पण हेमिस राष्ट्रीय उद्यानातल्या रुंबकसारख्या गावात, गावकऱ्यांच्या घरी राहायला.

उद्यान १९८१ सालचं, विस्तार साधारण ४,४०० चौरस किलोमीटर. थंडीत भरलांचे, म्हणजे निळसर रानमेंढ्यांचे, कळप खालच्या उतारांवर येतात आणि त्यांच्या मागावर हिमबिबट्या. रुंबकमध्ये घरं मोजकीच. पाहुणे पाळीपाळीने घरोघर दिले जातात, त्यामुळे पैसा एकाच घरात साठत नाही. गोठ्यात शिरलेला हिमबिबट्या एका रात्रीत कित्येक शेळ्यामेंढ्या मारू शकतो. पूर्वी त्याचा सूड घेतला जायचा. आज गोठ्यांवर जाळीचं छप्पर आलं आणि त्याच जनावरामुळे घरात चार पैसे येतात. हे आपण गेल्याशिवाय कसं टिकणार?

माळरान:
घरी राहण्याला माझा विरोध नाहीच. पण डोंगरात काय चालतं ते बोला ना. मोठी शिकार झाली की हिमबिबट्या तीन-चार दिवस तिच्या आसपास राहतो, पुरवून पुरवून खातो. मागच्या हिवाळ्यात अशाच एका भरलाच्या शिकारीची बातमी वॉकीटॉकीवर फुटली आणि तासाभरात समोरच्या कड्यावर कॅमेऱ्यांच्या तिपायांची रांग लागली. एका गटातले दोघं ट्रॅकरचं (माग काढणाऱ्या वाटाड्याचं) न ऐकता नाल्यात उतरले. मादी वरच्या खडकात दबून बसली, अंधार पडेपर्यंत हलली नाही. उणे वीसमध्ये उपाशी राहणं तिला परवडतं का? २०२४ मध्ये जाहीर झालेल्या गणनेत देशभरात ७१८ हिमबिबटे, त्यातले ४७७ लडाखमध्ये. एवढ्याशा संख्येवर फोटोचा हट्ट कशाला?

जुन्नरकर:
आमच्याकडे उसात बिबट्या. शेळी गेली तर पंचनामा आणि भरपाईची वाट, त्यापलीकडे त्याच्यापासून आम्हाला मिळत काहीच नाही. त्यामुळे रुंबकच्या लोकांना काय मिळतं, हा मुद्दा मला फार मोठा वाटतो. शहरात बसून ‘जाऊ नका’ म्हणणं सोपं आहे.

डॉक्टर_भटके:
वाद चालू द्या, पण एक सांगतो. लेह ३,५०० मीटरवर आहे, रुंबक त्याहून वर. मुंबईहून दिल्लीमार्गे सकाळी उतरायचं आणि दुसऱ्या दिवशी डोंगरात निघायचं, असे कार्यक्रम छापले जातात. लेहमध्ये निदान दोन पूर्ण दिवस विश्रांती घ्या. डोकेदुखी वाढत गेली, बसल्या जागी धाप लागली, तर थांबू नका, खाली उतरा. रक्तदाब किंवा हृदयाची तक्रार असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

उत्तरवाट:
@माळरान, नाल्यात उतरणाऱ्यांची बाजू मी घेणारच नाही. पण त्यावर उपाय गाव रिकामं पाडणं नव्हे. मी ज्या घरी राहिले, तिथलं पाणी नळात गोठलेलं, ओढ्याचा बर्फ फोडून आणलेलं. मी अंघोळीचं नावही काढलं नाही. संडास कोरडा: वरच्या मजल्यावर जमिनीला भोक, शेजारी मातीचा ढीग आणि फावडं. त्याचंच खत उन्हाळ्यात जवाच्या शेतात जातं. पाहुणे त्यात ओले वाइप्स टाकतात, ते घरच्या बाईला हाताने वेचावे लागतात. हे वागणं बदलायला हवं, आणि ते बदलता येतं. बाकी हिमबिबट्या मला दिसला तो स्कोपमधून (तिपाईवरच्या दुर्बिणीतून), समोरच्या डोंगरधारेवर, शेपूट हलली म्हणून. तेवढं मला पुरलं.

माळरान:
तुम्हाला पुरलं. लाखभर रुपये मोजून, भलीमोठी लेन्स घेऊन आलेल्याला पुरत नाही आणि ट्रॅकरची बक्षिसी त्याच्याच हातात असते. ‘जवळ नेत नाही’ म्हणायची ताकद त्या पोराला कोण देणार? शिकारीपासून किती लांब थांबायचं, एका वेळी किती माणसं, हे कागदावर येऊन पाळलं जात नाही तोवर मी कुणालाही जा म्हणणार नाही.

उत्तरवाट:
अंतराचा नियम हवाच, यात दुमत नाही. पण तो ठरवताना रुंबकची माणसं बसलेली हवीत आणि बक्षिसी ट्रॅकरच्या हातात न देता गावाच्या पेटीत जावी. पुढच्या फेब्रुवारीत आमचा गट जाईल तेव्हा बुकिंगच्या आधीच हे दोन्ही लिहून मागणार आहे.