मदत हवी आहे: किनाऱ्यावरच्या चपला-दोरांचं कासव करतोय, पण काही टिकत नाहीये

नमस्कार मंडळी,

मी कोथरूडला राहते, माहेर दापोलीकडचं. मार्चमध्ये आंजर्ल्याला कासवाची पिल्लं समुद्रात जाताना बघायला गेलो होतो. एक पिल्लू वाळूत रुतलेल्या हवाई चपलेला अडलं. मूठभर जीव, पण सारखे पाय मारत होतं. कासवमित्रांनी चप्पल उचलली तेव्हा कुठे ते पुढे सरकलं. माझ्या मुलीने ती चप्पल टाकूच दिली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी दोन पोती भरली: चपला, बाटल्यांची झाकणं, जाळ्यांचे हिरवे-निळे दोर, शिवाय वाहून आलेला एक ओंडका. (पोती एसटीत चढवायला कंडक्टरकाकांनी आपणहून हात दिला.)

त्याचंच ऑलिव्ह रिडले कासव करतोय, खऱ्याच्या मापाचं, म्हणजे पाठ ६५ सेंमी. चपलांच्या टाचा कापून पाठीवरचे खवले, पिळलेल्या दोरांचे वल्ह्यासारखे पाय. आकार फार सुरेख जमलाय.

पण खवले झटपट गोंदाने लावले, ते आठवड्यात निम्मे सुटले. झाकणं इपॉक्सीलाही दाद देत नाहीत, नखाने अख्खा थर निघून येतो. हे सगळं ज्यावर बसवलंय तो ओंडका मे महिन्यात खणखणीत वाळला होता. पाऊस सुरू झाल्यापासून हाताला ओला लागतो आणि खिळ्यांभोवती गंजाचे ओघळ आलेत. त्यात पेन्सिल जाईल एवढी भोकंही आहेत. कीड घरातल्या कपाटाला लागेल म्हणून सासूबाई काळजीत आहेत, आणि ती काळजी रास्तच आहे.

रंग मारून झाकायचं नाहीये. ती चप्पल चप्पलच दिसायला हवी. काय करू?

प्रतिसाद

ताई, मी भंगारातून शिल्पं करतो, बुधवार-रविवार जुन्या बाजारात चक्कर ठरलेली. झाकणं आणि दोर पॉलिइथिलीन नाहीतर पॉलिप्रॉपिलीनचे असतात, त्यांना साधा गोंद धरतच नाही. भोक पाडून तांब्याच्या तारेने बांधा. चपलेचं रबर मात्र चिकटतं: साबणाने धुवा, पूर्ण वाळवा, पॉलिश पेपरने घासा. मोची वापरतात ते सोल्यूशन दोन्ही बाजूंना लावा आणि बोटाला चिकटेनासं झालं की दाबा. कडेला दाभणाने दोन टाकेही घाला.

ओंडक्याचा खरा त्रास मिठाचा. मुरलेलं मीठ हवेतला ओलावा ओढतं. सगळं सोडवून ओंडका पिंपात गोड्या पाण्यात बुडवा, पाणी रोज बदला. आठवड्याने चमचाभर पाणी स्टीलच्या वाटीत आटवून बघा, शेजारी चमचाभर नळाचं. दोन्ही वाट्यांत सारखाच डाग राहीपर्यंत भिजू द्या. वाळवायचा सावलीत, उन्हात तडकेल. खिळे काढून स्टेनलेसचे स्क्रू लावा, बोहरी आळीत सुटे मिळतात.

भोकांत टॉर्च मारा. चुन्यासारखं पांढरं अस्तर दिसलं तर तो समुद्रातला लाकूड पोखरणारा जीव, दिसतो किड्यासारखा पण शिंपल्याच्या कुळातला. कोरड्या लाकडात तो जगत नाही. ताजा भुसा पडत असेल तर मात्र ओंडका घरात ठेवू नका.

धागाकर्ती

आत्ताच सासूबाईंनी टॉर्च धरला, मी बघितलं. पांढरं अस्तर आहे, भुसा नाही. पिंप भरायला लावलंय.