लग्नाला आठ महिने आणि चौथ्यांदा लघवीला आग, संबंधांमुळेच होतंय का?

रानजाई
घरात कोणाशी बोलता येत नाहीये म्हणून इथे लिहितेय. वय २७, लग्नाला आठ महिने झाले, भोसरीत आम्ही दोघं आणि सासूबाई. लग्नाआधी मला लघवीचा त्रास कधीच नव्हता आणि आता ही चौथी वेळ. दर वेळी तेच, संबंध आले की एक-दोन दिवसांत आग सुरू, सारखं जावंसं वाटतं आणि गेलं की चार थेंब, ओटीपोट दुखतं, यावेळी तर थोडं रक्त पण दिसलं. ताप नाहीये. पहिल्यांदा सासूबाई म्हणाल्या उन्हाळी लागली असेल, धने-जिऱ्याचं पाणी आणि सब्जा दिला, बरं वाटलं. दुसऱ्यांदा मेडिकलमधून अँटिबायोटिक आणलं, तीन गोळ्यांत थांबलं म्हणून बाकीच्या ठेवून दिल्या आणि तिसऱ्यांदा त्याच घेतल्या. यावेळी परत तेच औषध आणलं तर काडीचा फरक नाही.
पण खरं मनाला लागलंय ते वेगळंच. परवा नवऱ्याने विचारलं की हे माझ्यामुळे होतंय का, की तुला आधीपासून काही होतं? त्याच्या मनात वाईट काही नव्हतं हे मला माहितीये तरी रात्रभर डोळा लागला नाही. आता तो जवळ आला की माझं अंगच आखडतं. हा गुप्तरोग असतो का? त्यालाही औषध घ्यावं लागेल का? पुढे मूल व्हायला अडचण येईल का?

चिंचेचं_झाड
अगं रडू नकोस, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात मी पण हेच सगळं भोगलंय, आता बारा वर्षं झाली. याला डॉक्टर लोक हनीमून सिस्टायटिस, म्हणजे संबंधांनंतर येणारी मूत्राशयाची सूज, म्हणतात म्हणजे बघ किती जणींना होत असेल. हा गुप्तरोग नाही. आपली लघवीची नळी जेमतेम चार सेंटीमीटर असते, पुरुषांची साधारण वीस, आणि आपली नळी उघडते तिथून योनीमार्ग आणि शौचाची जागा जवळच. आपल्याच आतड्यातले जंतू त्या भागात असतात, संबंधांच्या वेळी घासलं जातं तसे ते नळीत ढकलले जातात आणि वर मूत्राशयात जाऊन वाढतात. यात ना तुझं चारित्र्य आलं ना त्याचं. नवऱ्याला हे असंच सांग, बाकी काही सफाई देत बसू नकोस.
मला स्वतःला दोन गोष्टींनी खूप फरक पडला. एक म्हणजे पाणी. मी ऑफिसात मुद्दाम कमी प्यायचे कारण तिथलं टॉयलेट घाण असायचं, आणि हे आपल्याकडे अर्ध्याहून जास्त बायका करत असतील असं मला वाटतं. दुसरं कंडोम, आम्ही वापरायचो त्या पाकिटावर स्पर्मिसायडल, म्हणजे शुक्राणू मारणारं रसायन लावलेलं, असं लिहिलेलं होतं, ते रसायन योनीतले चांगले जंतू पण मारतं आणि मग वाईट जंतूंना रान मोकळं मिळतं. साधे घेतले आणि कोरडेपणा होता म्हणून पाण्यातलं ल्युब घेतलं. नंतर लगेच लघवीला जाऊन यायचं हे डॉक्टर सांगतात, त्याने नक्की किती फायदा होतो याचा पुरावा फार पक्का नाही पण तोटा काहीच नाही. आणि ते सुगंधी व्हजायनल वॉश आणले असशील तर आजच टाकून दे, साधं पाणी पुरे.

पिपेट
मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, रोज हेच सँपल बघते म्हणून जरा कळकळीने सांगते. उरलेल्या गोळ्या परत घेणं बंद कर. अर्धवट कोर्सने जे जंतू वाचतात तेच पुढच्या वेळी त्या औषधाला दाद देत नाहीत. लघवीच्या इन्फेक्शनमध्ये बहुतेक वेळा ई-कोलाय हा आतड्यातला जंतू निघतो आणि आपल्याकडे मेडिकलवाले सहज काढून देतात त्या नॉरफ्लॉक्स, सिप्रोफ्लॉक्ससारख्या गोळ्यांना तो आता भारतात खूप ठिकाणी जुमानत नाही. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं की त्याला वारंवार होणारं इन्फेक्शन म्हणतात, तू त्यात बसतेस, त्यामुळे आता नुसतं रुटीन नको, युरिन कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून बघायची तपासणी, कर, आणि ते नवीन अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी. आत्ता कुठल्या गोळ्या घेतल्यायस ते लॅबला सांग. जागा पाण्याने धुवायची, पहिली धार सोडून द्यायची, मधली डबीत धरायची आणि डबी लगेच लॅबला द्यायची, दोन तास बाहेर पडली तर जंतू डबीतच वाढतात आणि रिपोर्ट चुकतो. दोन-तीन दिवस लागतात, मग कुठल्या जंतूवर कुठलं औषध चालेल ते एस (चालेल) आणि आर (चालणार नाही) असं लिहून येतं. सब्जा, धने-जिरे, ते गुलाबी सायट्रेटचं सिरप यांनी आग कमी वाटते पण जंतू मरत नाहीत.
मात्र कल्चरमध्ये काहीच वाढलं नाही आणि तरी आग होतेय, किंवा खाज, दह्यासारखं पांढरं जाणं, वास, फोड असं काही असेल तर ते वेगळं प्रकरण. क्लॅमिडिया, गोनोरिया, ट्रायकोमोनास या गुप्तरोगांनीही लघवीला आग होते, ते साध्या कल्चरमध्ये सापडत नाहीत, आणि त्यात मात्र दोघांनी एकाच वेळी औषध घ्यावं लागतं. सरकारी रुग्णालयात सुरक्षा क्लिनिक असतं, तिथे तपासणी आणि औषध मिळतं. साध्या मूत्राशयाच्या इन्फेक्शनला नवऱ्याला औषध लागत नाही, आणि मूल होण्याशी त्याचा संबंध नाही. पाळी चुकली असेल तर डॉक्टरांना आधी सांग. आणि थंडी वाजून ताप, पाठीत बरगडीखाली दुखणं, उलट्या यातलं काहीही झालं तर रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठ, तेव्हा ते किडनीपर्यंत गेलेलं असू शकतं.

गोदाकाठ
ताई, मी पुरुष आहे, चालत असेल तर लिहितो. माझ्या बायकोला हा त्रास होता आणि मी पण तुमच्या मिस्टरांसारखाच मूर्ख प्रश्न विचारला होता, त्याचं आजही वाईट वाटतं. डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावून कागदावर चित्र काढून समजावलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तुम्ही त्यांना सोबत न्याच. त्याच्याकडून करण्यासारखं पण असतं, हात आणि लिंग धुवून येणं, नखं कापलेली असणं, मागच्या जागेला लागलेला हात किंवा काहीही पुढे न लावणं, आणि तिचं अंग तयार नसताना घाई न करणं. आग होत असताना आम्ही थांबायचो, नुसतं शेजारी पडून गप्पा मारायचो, तेवढ्यानेही तिची भीती कमी झाली. त्याला स्वतःला लघवीला जळजळ किंवा पू असेल तर त्याने लाजू नये, तपासून घ्यावं.

शेवंती_५८
बाळा, तुझ्या वयाचं नाही पण इथे माझ्यासारख्याही वाचत असतील म्हणून. पाळी गेल्यावर मला हे सुरू झालं, वर्षभर गोळ्याच गोळ्या. शेवटी स्त्रीरोगतज्ज्ञांनी योनीत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम दिलं आणि थांबलं. यांना शुगर आहे, डापाग्लिफ्लोझिन सुरू केल्यावर यांच्या लिंगाला खाज आणि लाली आली, त्या गोळीने लघवीतून साखर जाते म्हणून बुरशी धरते म्हणे. दोघांनाही लाज वाटून दोन महिने फुकट गेले.

रानजाई
सगळ्यांना मनापासून थँक्यू. कल्चर केलं, ई-कोलाय निघाला आणि मी जी गोळी तीनदा घेतली तिच्यापुढे आर लिहिलंय. नायट्रोफ्युरँटॉइन हे दुसरं अँटिबायोटिक पाच दिवस दिलंय, आज तिसरा दिवस, आग थांबली. लघवी गडद पिवळी होतेय पण डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं म्हणून घाबरले नाही. परत होत राहिलं तर संबंधांनंतर एकच गोळी घ्यायची पद्धत असते म्हणाल्या, पण आधी पाणी आणि कंडोम बदलून बघू. नवरा आत आला होता, चिंचेचं_झाड यांनी लिहिलेलं मी त्याला रिक्षातच वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला मी असं विचारायला नको होतं. पिपेट, कोर्स संपल्यावर परत कल्चर करायचं का?

पिपेट
त्रास पूर्ण गेला असेल तर सहसा लागत नाही. गरोदर असतीस तर सांगितलं असतं. गोळी जेवणाबरोबर घे आणि पाचही दिवस पूर्ण कर.