शब्दचर्चा : काठीचा ‘फील’, म्हणजे कान्दो, हारी, नेबारी यांना मराठीत काय म्हणावं?

ओमीकर

नमस्कार मंडळी. मी जपानात शिगा प्रांतात, बिवा सरोवराच्या दक्षिण काठाला राहतो. इथल्या आणि तिकडे पुण्या-मुंबईच्या, गळाने मासे धरायची हौस असलेल्या मराठी मित्रांसाठी बास नावाच्या माशासाठीच्या जपानी काठ्यांची तुलना लिहायला घेतली आहे. शिमानोच्या झोडियास आणि पॉइझन अड्रेना, दाइवाच्या ब्लेझन आणि स्टीझ, मेगाबासची डिस्ट्रॉयर, म्हणजे तीन जपानी कंपन्यांच्या पाच मालिका. लांबी, वजन, किंमत लिहून झालं. ‘फील’पाशी गाडी अडली आहे.

आपल्याकडे ‘फील मस्त आहे’ म्हटलं की विषय संपतो. इथे त्याचे चार भाग पडतात आणि प्रत्येकाला रोजच्या वापरातला शब्द आहे. तळाची आणि माशाची खबर हातापर्यंत आणण्याचा काठीचा गुण म्हणजे कान्दो. वाकवून सोडली की क्षणात सरळ होते, ती हारी. मासा ओढत राहिला की काठी वाकत जाते पण दम सोडत नाही, ती नेबारी. आणि मोचिओमोरी हा दोष : काठी वजनकाट्यावर हलकी, हातात मात्र जड. या सगळ्याचा किमतीशी मेळ घातला की कोसुपा, ‘कॉस्ट परफॉर्मन्स’चं जपानी लघुरूप.

कान्दोसाठी कोशातून ‘संवेदनशीलता’ उचलून पाहिलं. वाचताना खटकतं. काय लिहू?

अर्थछटा

खटकणारच. ‘संवेदनशील’ हा शब्द मराठीत माणसाच्या मनाला आणि वर्तमानपत्रात ‘संवेदनशील भागा’ला चिकटून बसला आहे. यंत्राबद्दल ‘संवेदनक्षम’ म्हणतात, पण तो प्रयोगशाळेत शोभतो, पाण्याकाठी नाही. मला आधी एक सांगा, कान्दो हा एकच गुण आहे का? खबर काठीतून येते म्हणता, ती कशी येते? थरथर म्हणून, ओझं म्हणून, की आवाज म्हणून? ते कळल्याशिवाय शब्द सुचवणं म्हणजे अंदाजाने माप घेणं होईल.

ओमीकर

नेमकं विचारलंत. जपानी लोक स्वतःच त्याचे तीन भाग करतात.

पहिला हान्क्यो कान्दो. हान्क्यो म्हणजे पडसाद. शिशाचा गोळा तळाच्या दगडावर टेकला की त्याची कंपनं दोरीतून, मार्गदर्शक कड्यांतून, काठीतून मुठीपर्यंत येतात. काठी जितकी हलकी, कार्बनच्या तंतूंमध्ये राळ जितकी कमी, तितकी कंपनं कमी मरतात. दाइवा राळ कमी केलेल्या कार्बनला एसव्हीएफ म्हणते ते यासाठीच. शिमानोने 2018 च्या पॉइझन अड्रेनाला संपूर्ण कार्बनची पोकळ मूठ दिली, तीही यासाठीच. पोकळ मूठ त्या थरथरीला घुमवते. कॉर्क किंवा फोमची मूठ ती गिळते.

दुसरा काजू कान्दो. काजू म्हणजे भार. दोरी ताणलेली असताना आमिष शेवाळात अडकलं, किंवा माशाने तोंडात घेऊन नुसतं धरून ठेवलं, तर कंपन येत नाही, ओझं बदलतं. हे कळायला कडक काठी लागत नाही. थोडं लवणारं टोक असेल तर उलट जास्त कळतं.

तिसरा मे कान्दो, डोळ्यांचा. बारीक भरीव टोकाच्या काठीवर हाताला काहीच लागत नाही, पण टोक किंचित झुकलेलं दिसतं.

म्हणून ‘अमुक काठीची संवेदनशीलता जास्त’ हे वाक्य अर्धवट आहे. पडसादात अव्वल असलेली काठी भार कळायच्या बाबतीत मागे असू शकते.

तंगूस

आमच्याकडे कोकणात जुने लोक काठी वापरतच नाहीत. तंगूस म्हणजे गळाची दोरी, शिसं आणि गरी म्हणजे गळ, बस्स. तंगूस तर्जनीवरून सोडायचा आणि होडीच्या काठाशी बसायचं. माझे आजोबा खाडीत गरवायला जायचे, तेव्हा त्यांच्या तोंडी एकच क्रियापद असायचं, कळणे. ‘तळ कळतो काय?’ ‘आता खडप कळला.’ ‘मासो कळलो, पण घेऊक नाय.’ काठी किंवा दोरी कशी आहे हे ते सांगायचेच नाहीत, बोटाला काय कळलं ते सांगायचे.

तुमच्या तुलनेतही नाम शोधण्यापेक्षा क्रियापद घ्या. ‘या काठीला तळ चांगला कळतो.’ ‘हिला दगड कळतो, पण शेवाळ उशिरा कळतं.’ कोणालाही समजेल.

अर्थछटा

तंगूस, तुमचं पटलं. मराठीत गुणाचं नाम करून काठीच्या गळ्यात बांधण्यापेक्षा ‘हाताला कळणे’, ‘हाताला लागणे’ अशी रचना कितीतरी जुनी आणि सरळ आहे. कळणारा हात, कळवणारी काठी. ओमीकरांचे तीन भागही मग आपोआप वेगळे होतात : थरथर कळणे, भार कळणे, टोकावर दिसणे.

पडसादासाठी मात्र एक विशेषण हाताशी आहे, ‘खणखणीत’. नाणं खणखणीत, आवाज खणखणीत. धातू वाजवल्यावर येणाऱ्या आवाजावरून आलेला शब्द आहे, आणि तुम्ही पोकळ मुठीचं वर्णन करताय ते अगदी तसंच आहे. ‘अड्रेनाला तळ खणखणीत कळतो’ असं लिहिलंत तर पुढे खुलासा करावा लागणार नाही. त्याचं उलट ‘बोदा’. ओल्या मृदंगाचा आवाज बोदा येतो, तशी फोमच्या मुठीतून येणारी खबर बोदी.

मरळवाला

मध्येच विचारतो, कारण माझा प्रश्न पैशाचा आहे. मी इकडे तळ्यातल्या मरळीसाठी रबरी बेडूक वापरतो. पाणवनस्पतींच्या वरून बेडूक ओढायचा, मरळ खालून झडप घालते, आणि मग तिला त्या जाळ्यातून उपटून काढायचं. मित्राने जपानहून झोडियास आणली आहे आणि तिच्या ‘फील’चं फार कौतुक करतो. 20,000 येन म्हणजे आपले दहा-बारा हजार, त्यावर पाठवणी आणि सीमाशुल्क. माझ्या कामाला त्या खणखणीतपणाचा उपयोग किती?

ओमीकर

खरं सांगायचं तर फार थोडा. बेडकावरचा हल्ला डोळ्यांनी दिसतो आणि कानांनी ऐकू येतो. तुम्हाला तळ कळायची गरजच नाही. तुम्हाला हवी नेबारी. या शब्दावर मी जरा रेंगाळतो, कारण काठ्यांच्या जाहिरातीत त्याला सगळ्यात कमी जागा मिळते आणि माशाशी गाठ पडल्यावर सगळ्यात जास्त काम तोच गुण करतो.

नेबारू म्हणजे चिकटून राहणे. नात्तोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, तारा नेबा-नेबा असतात, आणि शेवटपर्यंत हट्ट न सोडणाऱ्या माणसालाही नेबारी-झुयोई म्हणतात. काठीबद्दल अर्थ असा : भार वाढत गेला तरी ती एकदम संपत नाही. वाकत वाकत मधल्या भागापर्यंत येते, तिथे धरून ठेवते आणि मासा दमला की परत उचलते. काचतंतू मिसळलेल्या किंवा मध्यम ताठरपणाच्या कार्बनच्या काठ्यांत हा गुण सहज येतो, आणि त्या स्वस्त असतात.

कार्बनचा ताठरपणा इथे ‘टन’मध्ये सांगतात, दर चौरस मिलिमीटरला किती टन. 24 टन साधारण, 40 टन अगदी ताठर. टन वाढला की तेवढाच ताठपणा कमी मालात मिळतो, म्हणून काठी हलकी होते आणि तळ खणखणीत कळतो. पण भिंत पातळ होते आणि माल ठिसूळपणाकडे झुकतो. होडीच्या कडेवर आपटलेली, शिशाचा टोला बसलेली उच्च टनाची काठी पुढच्या मोठ्या माशाला तिथूनच तुटते. ही ओढाताण कमी करायलाच कार्बनचे तंतू बनवणाऱ्या टोरे कंपनीने नवे तंतू काढले. त्यांचा एम40एक्स हा जुन्या एम40जे इतकाच ताठर आहे, 377 गिगापास्कल, पण ताकदीला साधारण 30 टक्के जास्त. महाग काठ्यांवर ही नावं मोठ्या अक्षरांत असतात आणि किमतीचा बराच भाग तिथे जातो.

अर्थछटा

नेबारीला ‘चिवट’. याहून जवळचा शब्द मिळणार नाही. चिवट वेत, चिवट माणूस. मराठीतही तो वस्तूकडून स्वभावाकडे गेला आहे, जपानीसारखाच.

हारी अवघड आहे. ‘ताठ’ पुरत नाही, कारण ताठ वस्तू वाकतच नाही असा भास होतो. तुम्ही म्हणता ती वाकते आणि लगेच परत येते. ‘लवलवीत’ सुचतो, तलवारीच्या पात्याला लावतात तो. पण त्यात बारीकपणा आणि हलणं जास्त आहे.

ओमीकर

लवलवीत नको. फेक केल्यावर टोक डुलत राहणं हाच तर हारी नसलेल्या काठीचा दोष आहे, आणि वाचकाला लवलवीत म्हणजे तेच वाटेल. हारू म्हणजे ताणणे. धनुष्याची दोरी, छत्रीचं कापड. काठी विश्रांतीतही ताणलेली वाटली पाहिजे.

तंगूस

मग ‘उसळी’ घ्या की. ‘हिला उसळी चांगली आहे.’ वाकून परत येण्याचा वेग त्यात आहे. उसळी नसलेली ती लिबलिबीत.

ओमीकर

घेतला. ‘ताठ, उसळी असलेली’ असं जोडून लिहीन. दाइवाचं एक्स45 तंत्र, म्हणजे 45 अंशांत गुंडाळलेला कार्बनचा थर, किंवा शिमानोचं स्पायरल एक्स, यांचं काम काठीला पीळ पडू न देणं हे आहे. पीळ पडला नाही की उसळी सरळ रेषेत येते आणि फेक नेमकी जाते. हे आता एका वाक्यात सांगता येईल.

मोचिओमोरीचं काय?

मरळवाला

ते क्रिकेट खेळणाऱ्याला विचारा. बॅट काट्यावर जड असते आणि उचलायला हलकी लागते, किंवा उलट. आम्ही ‘पिकअप’ म्हणतो.

अर्थछटा

‘पिकअप’ लोकांना माहीत आहे, तो ठेवायला माझी हरकत नाही. शुद्ध मराठी हवं असेल तर ‘हाताला जड लागते’ आणि ‘पुढे झुकते’. ‘जड आहे’ आणि ‘जड लागते’ यांत मराठीने आधीच फरक केलेला आहे, तोच वापरा.

ओमीकर

हा फरक तुलनेत फार कामाचा आहे. टोकाकडची कडी टायटॅनियमच्या चौकटीची केली की काही ग्रॅमच वाचतात, पण ते मुठीपासून दोन मीटर लांब असतात, म्हणून हाताला मोठा फरक लागतो. दाइवाची एजीएस कडी तर चौकटीलाच कार्बन वापरतात. दिवसभर फेकायचं असेल तर मनगटाला हे जाणवतं. म्हणूनच लांब काठी विकत घेताना कागदावरचं वजन बघून मी समाधान मानत नाही. रीळ लावून, पुढे धरून बघतो.

आता कोसुपा. मला ‘पैसा वसूल’ लिहायचा मोह होतो.

अर्थछटा

टाळा. पैसा वसूल म्हणजे खर्चलेलं परत मिळाल्याचं समाधान, ते घेऊन झाल्यावरचं. तुम्हाला घेण्याआधीचा हिशेब सांगायचा आहे. ‘किमतीच्या मानाने’ हा साधा शब्दप्रयोग बरोबर बसतो. ‘परवडते’ मात्र वेगळं. एखादी काठी किमतीच्या मानाने उत्तम असेल आणि तरी परवडणार नाही.

ओमीकर

तर मग मसुदा असा होतोय. बघा कसा वाटतो :

‘ब्लेझन 15,000 येनांच्या आसपास. हाताला थोडी जड लागते, तळ बोदा कळतो, पण चिवट आहे. शेवाळातून मासा काढायला भरवशाची. झोडियास 20,000 च्या आसपास. 2020 पासून हिच्या काही काठ्यांना कार्बनची पोकळ मूठ आहे, त्यामुळे तळ पुष्कळ स्वच्छ कळतो. किमतीच्या मानाने या यादीत हीच उजवी. अड्रेना 40 ते 50 हजारांच्या घरात. तळ खणखणीत कळतो, उसळी जबरदस्त, हाताला सगळ्यात हलकी लागते. झोडियासच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त पैसे मोजून दुप्पट कळत नाही. जे जास्त कळतं ते खोल आणि स्वच्छ पाण्यात, हलक्या शिशावर. स्टीझ आणि डिस्ट्रॉयर 50,000 च्या पुढे. यांत एका नावाखाली इतक्या वेगवेगळ्या स्वभावाच्या काठ्या आहेत की नावावरून मत देणं चूक, एकेक काठी हातात घेऊनच बोलावं.’

बिवाबद्दल एक ओळ जोडणार आहे. सरोवराचा दक्षिण भाग सरासरी 4 मीटरच खोल, उन्हाळ्यात पाणवनस्पतींनी भरलेला. उत्तर भाग 100 मीटरच्या पुढे जातो. दक्षिणेत चिवट काठी, उत्तरेत खणखणीत. याच सरोवरात 2 जुलै 2009 रोजी 10.12 किलोचा बास निघाला आणि 1932 च्या अमेरिकी विक्रमाशी बरोबरी झाली. तेवढा मासा लागण्याची आशा इथे प्रत्येकाला असते, त्यामुळे चिवटपणाला कमी लेखू नये असं माझं ठाम मत आहे. आणि नवख्यांसाठी हेही : शिगाच्या नियमानुसार बिवात धरलेला बास परत पाण्यात सोडता येत नाही, काठावर त्यासाठी पेट्या ठेवलेल्या आहेत.

मरळवाला

मसुदा समजला, आणि मी ब्लेझनसारखीच, दोन तुकड्यांची बघतो. एकसंध दोन मीटरची पाठवायचा खर्च काठीच्या किमतीला भिडतो.

तंगूस

‘टोक’ आणि ‘मूठ’ ठीक, पण काठीच्या भागांना वेळूचेच शब्द द्या. बारीक बाजू शेंडा, जाड बाजू बूड. कोकणात कोणीही ओळखेल.

ओमीकर

सुंदर. जपानीतही टोकाला होसाकी म्हणतात, त्यातला ‘हो’ म्हणजे धान्याचं कणीस. वाकायामा प्रांतातल्या हाशिमोतो शहरात अजून बांबूच्या हेराझाओ काठ्या हाताने बनतात, 2013 साली त्यांना राष्ट्रीय पारंपरिक हस्तकलेचा दर्जा मिळाला. होसाकी हा शब्द बांबूच्या काठ्यांचाच, कार्बनने तो जसाच्या तसा उचलला. मसुद्यात आता शेंडा आणि बूड घालतो. भरीव शेंड्याच्या काठ्यांचा परिच्छेद उद्या टाकेन. तिथे ‘टोकावर दिसणे’ कसं मांडायचं यावर अजून मतं हवी आहेत.