६० हर्ट्झच्या टीव्हीवर सिनेमा गचके खातो, टीव्ही खराब आहे का?

साताऱ्याचा_प्रेक्षक:
मागच्या महिन्यात ५५ इंची टीव्ही घेतला, ६० हर्ट्झवाला. पहिल्याच रविवारी बाबांनी सिनेमा लावला आणि दहा मिनिटांत म्हणाले अरे हा सिनेमा वाटतच नाहीये, मालिका चाललीये. खरंच सगळं तुळतुळीत दिसत होतं. मग मी सेटिंगमध्ये मोशनचं जे काही होतं ते बंद केलं तर आता दुसरंच, कॅमेरा सावकाश आडवा फिरला की चित्र गचके खात सरकतं. नेट चांगलंय, बफरिंग नाही. दुकानदार म्हणतो १२० हर्ट्झचा घ्यायचा होतात. बाबांना सिनेमाचं फार वेड आहे हो, म्हणून विचारतोय.

रीळवाले_काका:
टीव्ही ठणठणीत आहे, काळजी करू नका. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, बोलपट आल्यापासून हेच माप रुळलंय, आणि तुमचा टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र दाखवतो. आता ६० भागिले २४ म्हणजे अडीच, अर्ध्या वेळा तर दाखवता येत नाही, म्हणून एक फ्रेम ३ वेळा दाखवतात, पुढची २ वेळा, परत ३, परत २. म्हणजे एक फ्रेम ५० मिलिसेकंद थांबते आणि पुढची ३३. माणसं बसून बोलतायत तोवर काही कळत नाही पण पॅन शॉट, म्हणजे कॅमेरा आडवा फिरतो तो, आला की चित्र लंगडतं. यालाच जडर म्हणतात. १२० हर्ट्झला प्रत्येक फ्रेम बरोबर ५ वेळा येते, दुकानदार तेवढं खरं बोलला.
आणि बाबांची नजर पक्की आहे बरं का! मोशन चालू असताना टीव्ही दोन फ्रेमच्या मधे स्वतः बनवलेल्या फ्रेम घुसवतो. जुन्या मालिका व्हिडिओ कॅमेऱ्यावर व्हायच्या, त्यात हालचाल सेकंदाला ५० वेळा टिपलेली असायची, तोच गुळगुळीतपणा त्यांना दिसला. दिग्दर्शकांनीही याबद्दल इतकी ओरड केली की २०१९ मध्ये फिल्ममेकर मोड आला, त्यात हे सगळं बंदच असतं.

ठाण्याची_मेघा:
काका बरोबर सांगतायत पण नवीन टीव्ही घ्यायची गरज नाही. दादा, तुम्ही सिनेमा टीव्हीतल्याच ॲपवर बघता की बाहेरचा बॉक्स लावलाय? बॉक्स असेल तर तो बहुतेक सगळंच ६० करून पाठवत असणार. त्याच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मॅच फ्रेम रेट असा ऑप्शन शोधा. तो चालू केला की सिनेमा २४ नेच बाहेर येतो आणि बरेच ६० हर्ट्झवाले टीव्हीसुद्धा असा सिग्नल आला की ४८ वर जातात, म्हणजे प्रत्येक फ्रेम २ वेळा, सारखी. सिनेमा सुरू होताना एकदोन सेकंद स्क्रीन काळी होईल, घाबरू नका.

साताऱ्याचा_प्रेक्षक:
मेघाताई, बॉक्सच आहे आणि तो ६० वर अडकवलेला होता! बदललं. काल रात्री परत तोच सिनेमा लावला, लंगडणं गेलं. जोरात पॅन झाला तर थोडं थरथरतं अजून.

रीळवाले_काका:
तेवढं राहणारच, ते २४ फ्रेमचंच आहे, थिएटरातही दिसतं. म्हणून तर कॅमेरामन पॅन जपून करतात. ते घालवायला परत मोशन चालू करू नका.

साताऱ्याचा_प्रेक्षक:
नाही करत. पण क्रिकेटला?

ठाण्याची_मेघा:
क्रिकेटला खुशाल करा, तिथे मूळ चित्रच ५० चं असतं. फक्त बॉक्सवरचं ते मॅच फ्रेम रेट ५० लाही लागू होतंय ना बघा, नाहीतर ५० चे ६० करताना दर पाचवी फ्रेम दोनदा येते आणि बाउंड्रीकडे जाणारा बॉल मधेच अडखळतो.