हाऊल्स मूव्हिंग कॅसल: सोफी मधेच तरुण का होते?

खिडकीजवळची_सीट
काल लेकीबरोबर (वय ९) नेटफ्लिक्सवर हाऊल्स मूव्हिंग कॅसल हा जपानी ॲनिमेशन सिनेमा बघितला. चित्रं बघून दोघी गार! तो किल्ला कोंबडीसारख्या पायांवर लटपटत चालतो ते तिला परत परत मागे घेऊन बघायचं होतं. पण डोक्यात गोंधळ झालाय. शाप लागून ती तरुण नायिका सोफी नव्वदीची म्हातारी होते इथवर ठीक, मग झोपली की तरुण, फुलांच्या माळावर तरुण, लगेच परत म्हातारी, आणि शेवटी चेहरा तरुण पण केस पांढरेच. शाप सुटला कधी? आणि ते युद्ध कशावरून चाललंय? लेक विचारत होती, मी आपलं "बघ सांगतील पुढे" म्हणत राहिले आणि सिनेमा संपला की. मूळ पुस्तक आहे म्हणे, त्यात तरी नीट उलगडतं का? आणि तिला इंग्रजीतून झेपेल का?

आळशी_वाचक
शाप सुटतो असा एक ठरावीक क्षण सिनेमात नाहीच. सोफी स्वतःला काय समजते त्यावर तिचं वय चालतं. राजवाड्यातला सुलिमनचा (राजाची जादूगारीण) सीन परत बघा, किल्ल्याचा मालक जादूगार हाऊल, त्याची बाजू घेऊन तावातावाने बोलता बोलता तिच्या सुरकुत्या जातात, पाठ सरळ होते आणि सुलिमन म्हणते, तू त्याच्या प्रेमात आहेस, की बाई लगेच म्हातारी. माळावर पण तेच, मी कुठे सुंदर, मला काय साफसफाईच येते, असं म्हणायचा अवकाश.
जमलं तर जपानी ऑडिओ लावून बघा. त्यात तरुण आणि म्हातारी दोन्ही सोफींना चिएको बाइशो या एकाच बाईंचा आवाज आहे, त्यामुळे ते हळूच बदलणं कानाला कळतं. इंग्रजीत दोन वेगळ्या नट्या आहेत.
पुस्तक डायना विन जोन्स यांचं, १९८६ चं. त्यात सोफीलाच जादू येते पण तिला पत्ता नसतो, टोप्या शिवताना त्यांच्याशी गप्पा मारते आणि ती बोलेल तसं होतं. हाऊल गुपचूप तिचा शाप काढायला बघतो, निघत नाही, मग त्याला वाटतं हिलाच हे सोंग आवडतंय. सिनेमाचा दिग्दर्शक मियाझाकीने हा धागा उचलला आणि डोळ्यांना दिसेल असा केला असं माझं मत.

मिठाचा_खडा
धागा उचलला, बाकी कापड फाडलं त्याचं काय 😄 पुस्तकात युद्ध नुसतं कानावर येतं. सिनेमा २००४ चा, तेव्हा मियाझाकी इराक युद्धावर भडकलेला होता, त्याच्या आधीच्या सिनेमाला २००३ मध्ये ऑस्कर मिळालं तर घ्यायला गेला नाही आणि पुढे कारण सांगितलं तेही हेच. त्यामुळे युद्धाला कारण न देणं मुद्दाम असेल, मान्य. पण शेवट? सोफीच्या मागे फिरणारं बुजगावणं निघतं शेजारच्या देशाचा राजपुत्र आणि सुलिमन म्हणते चला आता हे मूर्ख युद्ध थांबवू, झालं! मग आधीच थांबवायचं होतं ना बाई.
माझा खरा राग वेगळा आहे. किल्ल्याच्या दाराची ती रंगांची चकती आठवते? सिनेमात काळा रंग लावला की दार युद्धात उघडतं. पुस्तकात थेट आपल्या जगातल्या वेल्समध्ये, हाऊलच्या बहिणीकडे, भाचा कॉम्प्युटर गेम खेळत बसलाय आणि बहीण या महान जादूगाराला निकम्मा म्हणून झापतेय. इतका भारी भाग पार उडवला राव.

आळशी_वाचक
वेल्स उडवलं ते मलाही खटकतं, पण दोन तासांत दोन्ही कसं बसवणार. सिनेमातली सोफीला शाप देणारी वेस्टची (म्हणजे ओसाड माळरानाची) चेटकीण शक्ती गेल्यावर घरातली आजी होऊन बसते आणि सोफी तिला भरवते, पुस्तकात ती शेवटपर्यंत खलनायिकाच. मला सिनेमातली जास्त आवडते.

दुपारचा_चहा
ताई, मुलीचं सांगते. नऊला एकटीने वाचायला जड जाईल, तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा रोज थोडं थोडं. सोफीला दोन बहिणी आहेत, त्या आपसात जागा बदलतात, तिथे सुरुवातीलाच पोरं हरवतात. नंतर जॉन डन या इंग्रज कवीची एक जुनी कविता येते आणि तीच हाऊलवरचा शाप निघते, ती समजावून सांगावी लागते. पण केसांचा रंग बिघडला म्हणून हाऊल अंगातून हिरवा चिकट रस काढत रुसतो तो प्रकार पुस्तकातही आहे, तिथे आमचा मुलगा लोळून हसला होता. फक्त पुस्तकातला हाऊल बराच कामचुकार आणि पोरींच्या मागे फिरणारा आहे हां.

खिडकीजवळची_सीट
थँक्यू सगळ्यांना! सुलिमनचा सीन जपानीत लावून बघितला, आता दिसलं. लेकीला युद्धाचं सांगितलं तर म्हणे मग राजाला कोणीच ओरडलं नाही का. पुस्तक मागवतेय. पुढचे भाग पण आहेत का?

मिठाचा_खडा
आहेत दोन, कॅसल इन द एअर १९९० चं आणि हाऊस ऑफ मेनी वेज २००८ चं. सोफी-हाऊल दोन्हीत येतात पण गोष्ट दुसऱ्यांची आहे, त्यामुळे घाई नको, आधी पहिलं होऊ दे.