भाजीचा कुरकुरीतपणा यंत्रात येतो, उन्हात येतो की कढईत?

माळवद (परभणी)

गेल्या संक्रांतीला मुलाने भाज्या वाळवण्याचे विजेवरचे यंत्र घरी आणून दिले. पाच जाळ्या, मागच्या बाजूला पंखा आणि तापमान ठरवण्याची कळ, इतकेच ते साधे आहे. तेव्हापासून भेंडी, कारले, गाजर, बीट, रताळे, दुधी, पालक आणि एकदा निव्वळ हट्टाने गवार, एवढ्या भाज्या त्यात घालून झाल्या. या अनुभवानंतर माझे मत असे झाले आहे की ‘तेलाचा थेंबही न घालता कुरकुरीत भाजी’ हे जे आमिष अशा यंत्रांबरोबर दाखवले जाते, ते पालकाची पाने आणि अगदी पातळ कापलेले बीट सोडले तर बहुतेक भाज्यांच्या बाबतीत खरे ठरत नाही. भाजी वाळते, याविषयी माझी तक्रार नाही. ती कुरकुरीत होत नाही, ही तक्रार आहे. आमच्या घरात गवारीच्या आणि कारल्याच्या उसऱ्या, म्हणजे वाळवणाच्या फोडी, माळवदावर (घराच्या सपाट मातीच्या छतावर) बाज टाकून, तिच्यावर जुने धुतलेले लुगडे अंथरून वाळवल्या जात, पण त्या तशाच कोणी चघळत नसे. जेवणाची पाने घेताना त्या करडईच्या तेलात तळून ताटात पडत. म्हणजे वाळवण्याचे काम उन्हाकडे आणि कुरकुरीत करण्याचे काम कढईकडे, अशी वाटणी आईने आणि आजीने केलेली होती.

असे का व्हावे, याचा मी माझ्यापुरता विचार केला. तापलेल्या तेलात पडलेल्या फोडीतील पाणी उकळून त्याची वाफ एकदम बाहेर फुटते आणि तिच्या जागी पोकळ्या राहतात. त्या पोकळ्यांच्या पातळ भिंती दाताखाली मोडतात, त्याला आपण कुरकुरीत म्हणतो. ५५ ते ६० अंशांच्या वाऱ्यात मात्र पाणी आठ-दहा तास घेऊन सावकाश निघून जाते, त्यामुळे पेशी आकसतात, एकमेकींना चिकटतात आणि फोड एक तर चिवट होते किंवा खडा होते. कच्च्या रताळ्याच्या चकत्या वाळवून झाल्यावर मी एक तोंडात टाकली आणि दाढेत बसवलेले चांदीचे भरण त्याच दिवशी निघाले. तेव्हा ही चर्चा मला काहीशी महागात पडलेली आहे.

बाजारात मिळणाऱ्या भेंडीच्या कुरकुरीत पाकिटांचा दाखला कोणी देण्यापूर्वीच सांगते की पाकीट उलटे करून पोषणाचा तक्ता वाचावा. ताज्या भेंडीत स्निग्धांश १०० ग्रॅममागे जेमतेम ०.२ ग्रॅम असतो. ती नऊ-दहा पट आटली तरी तो दोन ग्रॅमच्या आसपास राहील. तक्त्यात २० ग्रॅम किंवा त्याहून अधिक आकडा दिसला, तर ती भेंडी तळलेली आहे, मग पाकिटावर पुढच्या बाजूला काहीही छापलेले असो. तेव्हा ज्या प्रदेशात वैशाखातले ऊन ४० अंशांच्या पुढे जाते, तेथे विजेचे बिल वाढवून चिवट गाजर खाण्यात काय हशील आहे, हा माझा प्रश्न आहे. ज्यांचे मत निराळे असेल त्यांनी अनुभवासह लिहावे.

गोदाकाठ (नांदेड)

माळवदताई, आपण कारण अचूक सांगितले आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. माझ्या दोन्ही मुलांच्या डब्यात आठवड्यातून तीन दिवस यंत्रात वाळवलेले चिप्स जातात आणि डबा रिकामा परत येतो. चिवट गाजर खाण्याइतकी ती मुले आज्ञाधारक नाहीत.

आपण जाडीविषयी काहीच लिहिलेले नाही आणि पहिले अपयश बहुधा तेथेच असते. विळीवर किंवा सुरीने कापलेली चकती हातागणिक बदलते. किसणीच्या चकत्यांच्या पात्याने काढलेली, दीड मिलिमीटरच्या आतली आणि सगळीकडे सारखी चकतीच उपयोगी पडते. दुसरे असे की गाजर, भेंडी आणि रताळे कच्चे घालू नये. गाजर आणि भेंडी उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे ठेवून लगेच गार पाण्यात काढली की वाळताना रंग आणि वास बिघडवणारी भाजीतली विकरे (एन्झाइम्स) निष्क्रिय होतात. रताळे तर पूर्ण शिजवूनच वाळवावे, कारण कच्चा पिष्टमय पदार्थ वाळला की खडाच होणार. त्यात यंत्राचा दोष नाही आणि आपल्या दाढेचाही नाही.

आपल्या मुख्य आक्षेपाला माझे उत्तर फ्रीजरमध्ये आहे. वाफवून निथळलेल्या चकत्या रात्रभर गोठवून ठेवल्या तर पाण्याचे बर्फ होताना त्याचे स्फटिक पेशींच्या भिंती फोडतात आणि जी पोकळी आपण तेलातल्या वाफेकडून मागता, तिचा काही भाग बर्फ करून देतो. अशी फोड लवकर वाळते आणि ठिसूळ होते. शिवाय यंत्रातून काढलेली गरम चकती वाकवून पाहू नये. गाजरात आणि बीटमध्ये साखर असल्यामुळे ती गरम असताना लवचीक लागते आणि पूर्ण गार झाल्यावर कडक होते. आपण गरम असतानाच तर निकाल दिला नाही ना, अशी मला शंका आहे.

खळे (लातूर)

वीज विरुद्ध ऊन हा वाद दोन्ही बाजूंनी अर्धवट मांडला जातो, म्हणून थोडा हिशोब देतो. एक किलो भेंडीत सुमारे ९०० ग्रॅम पाणी असते. तेवढ्या पाण्याची वाफ करण्यास निसर्गनियमाप्रमाणे साधारण ०.६ युनिट ऊर्जा पुरते. परंतु ४०० वॅटचे यंत्र नऊ तास चालले तर ते साडेतीन युनिटपर्यंत वीज घेते, कारण उरलेली उष्णता पंखा घराच्या हवेत ढकलून देतो. म्हणून एकच जाळी भरून यंत्र चालवणे हा शुद्ध अपव्यय आहे, पाचही जाळ्या भरल्या तर तो बराच कमी होतो.

आता उन्हाविषयी. भाजी वाळवते ती मुख्यतः कोरडी हवा. पावसाळ्यात २८ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असलेली हवा यंत्राने ५८ अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता १७ टक्क्यांच्या आसपास उतरते. मे महिन्याच्या दुपारी लातूर-परभणीकडे ४२ अंशांना २० टक्क्यांच्या जवळपासची हवा फुकट वाहत असते. येथपर्यंत माळवदताईंचे म्हणणे बरोबर आहे.

मात्र भाजी आणि ऊन यांची वेळ जुळत नाही, याकडे त्यांनी लक्ष दिलेले नाही. गाजर, मेथी, पालक, टोमॅटो आणि बीट यांची रेलचेल मार्गशीर्ष-पौषात असते. त्या दिवसांत हवा कोरडी असली तरी ऊन मवाळ असते, दिवस लहान असतो आणि रात्रीच्या दवात दिवसभराची कमाई जाते, म्हणून सूर्यास्तापूर्वी परात आत आणावी लागते. वैशाखात कडक ऊन असते तेव्हा बाजारात गवार, भेंडी, कारले मिळते. आपल्याकडे नेमक्या याच भाज्यांच्या उसऱ्या झाल्या आणि गाजराच्या झाल्या नाहीत, याचे कारण मला तरी यातच दिसते. उघड्या उन्हात गाजराचा केशरी रंग उडतो, म्हणजे ज्यासाठी गाजर खायचे ते कॅरोटीनच कमी होते, हाही मुद्दा आहेच. वरून काळे सुती कापड ताणले तर तो थोडाफार टिकतो आणि वावटळीची धूळही अडते.

बालाघाट (धाराशिव)

तेल वाचले या आनंदात सर्वजण मीठ विसरले आहेत. माझ्या वडिलांना रक्तदाबाचा त्रास आहे. घरी केलेले, न तळलेले म्हणून ते हे चिप्स निर्धास्तपणे खात होते. एक किलो भेंडीला आम्ही १० ग्रॅम मीठ लावत होतो, जे भाजीच्या मानाने काहीच नाही. पण ती भेंडी वाळून मिठासह ११५ ग्रॅमच्या आसपास उरते आणि मीठ मात्र १० ग्रॅमच राहते. म्हणजे ३० ग्रॅमची एक वाटी खाल्ली की अडीच ग्रॅमहून अधिक मीठ पोटात गेले. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसासाठी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते. पालक आणि बीट यांतील ऑक्झलेटचे, म्हणजे मूतखड्याला कारण होणाऱ्या क्षाराचेही तेच आहे. वाफवून पाणी टाकून दिले तर त्यातले काही निघून जाते, पण ज्यांना मूतखडा होऊन गेला आहे त्यांनी अर्धा किलो पालक मूठभर करून एका बैठकीत खाणे मला योग्य वाटत नाही. तळलेली उसरी माणूस चार-पाच तुकडे खाऊन थांबतो. ‘आरोग्यदायी’ चिप्सच्या बाबतीत कोणी थांबत नाही, असे मी घरी पाहिले आहे.

मोसंबीचा मळा (जालना)

शेतकऱ्याच्या बाजूने थोडेसे. पाकिटातली भेंडी निर्वात भांड्यात तळलेली असते. दाब कमी केल्यामुळे पाणी कमी तापमानाला उकळते, त्यामुळे रंग हिरवा राहतो आणि फोड फुलते. हे घरच्या यंत्राने होणार नाही, तेव्हा ती तुलना कोणीच करू नये.

परंतु वाळवण म्हणजे केवळ हौस असे समजून त्याची थट्टा करणेही मला पटत नाही. मेथीची जुडी दोन रुपयांना मागितली जाते तेव्हा ती जनावरांपुढे टाकण्यापेक्षा वाळवलेली परवडते. मराठवाड्यातील शेतकरी महिलांकडून सौर यंत्रांवर शेतमाल वाळवून घेणाऱ्या ‘एस फोर एस टेक्नॉलॉजीज’ला २०२३ साली पर्यावरणाच्या कामासाठी दिला जाणारा अर्थशॉट पुरस्कार मिळाला, तो काही कुरकुरीतपणासाठी मिळालेला नाही. वाळलेला कांदा, टोमॅटो, आले हे पुन्हा पाण्यात भिजवायचे किंवा दळायचे जिन्नस आहेत आणि त्यांना गिऱ्हाईक आहे. घरच्या यंत्रावर चिप्स करून विकण्याचा विचार माझ्या भावजयीने केला होता. नऊ किलो भाजीचा एक किलो माल होतो हे तिने वहीत मांडून पाहिले आणि तिने मेथीची पावडर करायला घेतली.

माळवद (परभणी)

आठ दिवसांनी लिहीत आहे, कारण गोदाकाठ यांनी सांगितलेले करून पाहिल्याशिवाय उत्तर देणे मला प्रशस्त वाटले नाही. भेंडी, गाजर आणि गवार प्रत्येकी अर्धा किलो घेतली. प्रत्येकीचे दोन भाग करून दोन्ही वाफवले आणि त्यांतला एक भाग रात्रभर गोठवला. दोन्ही भाग एकाच वेळी, शेजारशेजारच्या जाळ्यांवर ५८ अंशांना ठेवले.

गोठवलेली भेंडी दोन तास आधी वाळली आणि खरोखर ठिसूळ झाली. न गोठवलेली नेहमीसारखीच चामट राहिली. या बाबतीत माझे आधीचे मत चुकीचे होते, हे मान्य करते. गाजराच्या बाबतीतही गरम असताना निकाल दिल्याची त्यांची शंका खरी होती. गार झाल्यावर दोन्ही भाग मोडले, गोठवलेला अधिक सहज मोडला. गवार मात्र दोन्ही प्रकारे दोऱ्यासारखीच राहिली आणि ती शेवटी करडईच्या तेलातच गेली. शिराळ भाजीला फ्रीजरही उपयोगी पडत नाही, एवढ्यापुरते माझे म्हणणे मी कायम ठेवते.

खळे यांचा भाजी आणि ऋतूचा मुद्दा मला सुचला नव्हता. त्यामुळे आता पौषात यंत्र आणि वैशाखात माळवद, अशी विभागणी घरात ठरली आहे. मिठाविषयी बालाघाट यांचे वाचून या वेळी मीठ लावलेच नाही, वरून आमचूर आणि जिरेपूड भुरभुरली. मिठाला हवेतली ओल ओढण्याची खोड असतेच, त्यामुळे बिनमिठाचे चिप्स डब्यात अधिक टिकतील असे वाटते.

एक प्रश्न मात्र कोणीच घेतला नाही. काचेच्या बरणीतून काढलेले चिप्स श्रावणात ताटलीत अर्धा तास ठेवले की मऊ पडतात. बरणी पहिल्या आठवड्यात रोज हलवून काचेला आतून दमटपणा दिसतो का ते मी पाहते, दिसत नाही. म्हणजे माल नीट वाळलेला आहे आणि ओल बाहेरूनच येते. पाहुण्यांसमोर ठेवायचे तर काय करावे?

गोदाकाठ (नांदेड)

ताई, गवारीबाबत मी हरले. ती माझ्याकडेही कधी झाली नाही आणि मी ते सोयीस्करपणे लिहिले नव्हते.

मऊ पडलेले चिप्स यंत्रात ६० अंशांना पंधरा-वीस मिनिटे फिरवून पूर्ण गार होऊ द्यावेत, ते पुन्हा कडक होतात. यंत्र लावायचे नसेल तर लोखंडी तवा तापवून गॅस बंद करावा, तवा हाताला सोसेल इतपत निवला की त्यावर चिप्स पसरावेत आणि झाकण ठेवू नये. पाहुण्यांसाठी मी मोठी बरणी उघडतच नाही; कोरड्या हातांनी छोट्या बाटल्या आधीच भरून ठेवते आणि चहा झाल्यावर एक बाटली फोडते.

माळवद (परभणी)

तव्याचा उपाय आज संध्याकाळी करून पाहते. गोठवलेले कारले जाळीवर आहे, चार तास झाले आहेत.