मदत हवी आहे: किनवटच्या सागाच्या रानातला हा इवलासा भेक कोणता?

नमस्कार मंडळी,

मी नांदेड जिल्ह्यात किनवट तालुक्यात राहतो. गावाची लोकजैवविविधता नोंदवही नव्याने लिहायचं काम आम्ही चार-पाच जणांनी अंगावर घेतलंय. जुन्या वहीत उभयचरांच्या पानावर एकच शब्द होता, ‘बेडूक’. ते मनाला फार लागलं. म्हणून यंदा मृगाच्या पहिल्या पावसापासून रात्री बॅटरी घेऊन नाल्याकाठी जातोय.

तिथं सागाच्या पाचोळ्यात एक बारका भेक, म्हणजे खरखरीत कातडीचा बेडूक, दिसतो. पट्टीवर साडेतीन सेंटिमीटर भरला. अंगभर चामखिळी, डोळ्यांमागे विषग्रंथींचे उंचवटे. आधी वाटलं, अंगणात दिव्याखाली किडे टिपायला येतो त्या साध्या भेकाचं पिल्लू असेल. पण तिसऱ्या रात्री हाच जीव डबक्याच्या काठावर गळा फुगवून ओरडत होता, सलग कर्रर्र करत. पिल्लं मादीला साद घालत नाहीत. म्हणजे हा वयात आलेला नर, आणि जातच लहान.

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने ‘कोयना भेक’ म्हणून सांगून टाकलं. मला पटत नाही. तो सोमण यांनी १९६३ साली कोयनेच्या परिसरातून नोंदवला. २००९ मध्ये त्याची आणि आंबोलीच्या भेकाची मिळून झँथोफ्राइन ही स्वतंत्र प्रजाती (जवळच्या जातींचा गट) केली गेली. दोन्ही सह्याद्रीचे. कोयना आमच्यापासून सरळ रेषेत पाचशे किलोमीटरच्या पुढं आहे.

माझा अंदाज डट्टाफ्रायनस स्कॅबर असा आहे. मात्र शोधताना नावांनीच दमवलं. जुन्या पुस्तकांत सगळे ‘बुफो’. ती भलीमोठी प्रजाती २००६ मध्ये फोडली आणि आपल्या बऱ्याच भेकांना ओडिशाचे अभ्यासक सुशीलकुमार दत्ता यांच्या नावावरून ‘डट्टाफ्रायनस’ हे नवं नाव मिळालं. त्यातही श्नायडरने १७९९ मध्ये वर्णन केलेला स्कॅबर आणि बूलांजेने १८९२ मध्ये वर्णन केलेला ‘फर्ग्युसनचा भेक’ आता एकच मानतात. त्यामुळे जुन्या नोंदी दोन्ही नावांखाली पाहाव्या लागतात.

हा दक्षिण भारतातला आणि श्रीलंकेतला. पण आमचं रान तेलंगणातल्या आदिलाबादच्या रानाला लागूनच आहे, तेव्हा तिकडून इथवर त्याची वस्ती असणं मला अशक्य वाटत नाही. मराठवाड्यात कुणी पाहिलाय का? वहीत चुकीचं नाव जाऊ नये, एवढीच तळमळ आहे.

प्रतिसाद १:
दादा, आवाजावरून लावलेला तर्क बरोबर आहे. पण आधी संगमरवरी भेक बाद करा. त्याच्या डोक्यावर हाडाचे कंगोरे नसतात, साध्या भेकाला असतात आणि त्यांची धार काळी असते. फोटो वरून आणि बाजूने काढा, कानाचा पडदा आणि विषग्रंथी स्पष्ट दिसू द्या, शेजारी पट्टी ठेवा. अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय पकडू नका. आणि बघताना ‘फिरूझोफ्रायनस’ हे नाव दिसलं तर गोंधळू नका, संगमरवरी भेकाला २०२० मध्ये त्या प्रजातीत हलवलंय.

प्रतिसाद २:
ओरडण्याचं रेकॉर्डिंग जरूर करा. हात लावला असेल तर डोळे चोळण्याआधी साबणाने धुवा, त्या ग्रंथींतला पांढरा चीक डोळ्यांत फार झोंबतो.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री परत जाऊन आलो. कंगोरे आहेत, बॅटरी तिरपी धरली की स्पष्ट दिसतात. म्हणजे संगमरवरी नाही. वरून काढलेला फोटो नीट आलाय, बाजूचा हलला. पाऊस वाढल्याने रेकॉर्डिंगमध्ये नाल्याचाच आवाज भरलाय. आज उघडीप मिळाली तर जेवण झाल्यावर परत निघतो. फोटो आणि आवाज दोन्ही इथेच टाकतो, तोवर वहीत त्याच्यासमोर ‘भेक, लहान, ओळख बाकी’ असं पेन्सिलीने लिहून ठेवलंय.